पीचची चारशे झाडं आणि कागदावरचं एक नाव

जानेवारी १८६८ मध्ये नेब्रास्कातल्या ब्राउनव्हिलच्या जमीन कचेरीत दोन शेजाऱ्यांनी डॅनियल फ्रीमन या शेतकऱ्यासाठी शपथेवर जबाब दिला. आपल्याकडे त्याला पंचनामाच म्हटलं असतं. घर थोडं ओंडक्यांचं, थोडं फळ्यांचं, १४ बाय २० फूट, एकमजली. दोन दारं, दोन खिडक्या, लाकडी कौलांचं छप्पर, खाली फळ्यांची जमीन. सुमारे ३५ एकर नांगरून, कुंपण घालून वहितीखाली. एक तबेला, मेंढ्यांसाठी १०० फूट लांबीची शेड, मक्याची कणगी, सफरचंदाची ४० झाडं आणि पीचची सुमारे ४००.

याच जबाबात डॅनियल हा 'बायको आणि दोन मुलं' असलेल्या कुटुंबाचा प्रमुख असल्याचं लिहिलं आहे. बायकोचं नाव अ‍ॅग्नेस. ते कागदावर नाही. पीचची झाडं अंदाजाने का होईना मोजली गेली. बाई मुलांच्या रांगेत बसली.

हा कागद साधासुधा नाही. सरकारी जमीन कसणाऱ्याला देणारा होमस्टेड कायदा १ जानेवारी १८६३ रोजी लागू झाला आणि त्याच दिवशी अर्ज करणाऱ्यांत डॅनियल होता. त्याच्या शेताला अमेरिकेतलं पहिलं होमस्टेड म्हणण्याचा प्रघात आहे. बिअ‍ॅट्रिस गावाजवळची ती जमीन १९३६ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाली, २०२१ पासून तिला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणतात. तेव्हा अमेरिकेतला पायोनियर, म्हणजे नव्या मुलखात पहिली वस्ती करणारा, शेतकरी कोण, या प्रश्नाचं सरकारी उत्तर पाहायचं तर ते याच कागदात पाहावं. आमच्या मते ते उत्तर चुकीचं आहे. ती चूक दफ्तरातल्या कारकुनाची नव्हती, कायद्यानेच केलेली होती. आणि शेतकरी ठरवायची तीच रीत आजही अनेक देशांत, आपल्याकडेही, चालू आहे, म्हणून तिच्यावर वाद घालायला हवा.

कायदा काय होता? लिंकनने २० मे १८६२ रोजी त्यावर सही केली. वय २१ पूर्ण किंवा कुटुंबप्रमुख, नागरिक किंवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला, सरकारविरुद्ध शस्त्र न उचललेला, अशा कोणालाही १६० एकर. सगळी फी मिळून १८ डॉलर. जमिनीवर पाच वर्षं राहायचं, ती कसायची, मग दोन साक्षीदार आणून सिद्ध करायचं. अविवाहित सज्ञान स्त्रीला अर्ज करता येत होता, विधवेला येत होता, नवऱ्याने टाकलेल्या बाईलाही येत होता. नवरा नांदत असलेल्या बाईला येत नव्हता, कारण कुटुंबप्रमुख तो. म्हणजे बाईला शेती येते हे काँग्रेसला, अमेरिकेच्या संसदेला, मान्य होतं. फक्त घरात नवरा असला की ती शेतकरी उरत नव्हती.

'तो काळच तसा होता' हे उत्तर इथे चालत नाही. याच काँग्रेसने बारा वर्षं आधी, १८५० मध्ये, ओरेगॉनसाठी वेगळा कायदा केला होता. त्यात १ डिसेंबर १८५० पूर्वी येऊन राहिलेल्या एकट्या पुरुषाला ३२० एकर आणि विवाहित जोडप्याला ६४० एकर मिळत, आणि त्यातली निम्मी जमीन बायकोच्या स्वतःच्या हक्काची असे. उशिरा आलेल्यांना याच्या निम्मी, पण वाटणी तीच. चार वर्षं राहून जमीन कसायची. म्हणजे बायकोचं नाव कागदावर कसं लिहायचं हे वॉशिंग्टनला ठाऊक होतं, लिहूनही झालं होतं. १८६२ मध्ये ते गळलं.

ओरेगॉनचा कायदा फार गोड मानून घेण्यातही अर्थ नाही. बायको असली की आणखी ३२० एकर, हे कळल्यावर तिथे लग्नांची झुंबड उडाली आणि चौदा-पंधरा वर्षांच्या, काही तर त्याहून लहान मुली बोहल्यावर चढवल्या गेल्या. कागदावर नाव तिचं, हुकूम दुसऱ्याचा, असंही पुष्कळ झालं. शिवाय तो कायदा गोऱ्यांसाठी आणि मिश्र वंशाच्या काही लोकांपुरता होता. काळ्या माणसाला त्यात जागा नव्हती. नुसतं नाव पुरत नाही, एवढं यातून नक्की कळतं. नाव नको, असं मात्र त्यातून निघत नाही.

आता शेताकडे वळू. खातेदार कोण यावर वाद घालणारे लोक शेतातलं काम कुठून कुठवर असतं हे क्वचितच मोजतात.

उंच गवताची प्रेअरी मोडणं हे पायोनियर पुरुषाचं मानाचं काम, आणि ते खरोखर अवघड होतं. तिथल्या ब्लूस्टेम गवताची मुळं सहा-आठ फूट खोल जातात आणि वरच्या चार-सहा इंचात त्यांची अशी गच्च वीण असते की आपली हरळी तिच्यापुढे काहीच नाही. पड मोडायचा हंगाम मे ते जूनचा मध्य. लवकर मोडली तर गवत पुन्हा फुटतं, उशीर झाला तर माती वाळते आणि उलटलेली मुळं कुजत नाहीत. खोलीसुद्धा दोन-तीन इंचच ठेवायची. हौसेने खोल नांगरलं की जाड पट्टा उलटतो आणि तो वर्षभर कुजत नाही. त्यासाठी लांब, हळूहळू पिळत जाणाऱ्या पात्याचा खास नांगर, त्याला बैलांच्या दोन-तीन जोड्या, आणि दिवसातून अनेकदा फाळ कानशीने घासायचा. फाळ बोथट झाला की तो मुळं कापण्याऐवजी ओढतो, बैल अडतात आणि तास वाकडं जातं. पहिल्या वर्षी त्या उलट्या पट्ट्यात कुऱ्हाडीने चीर पाडून मक्याचे दाणे टाकत. पीक बेताचंच येई, पण सावलीने मुळं कुजायला मदत होई. उन्हाळा संपता संपता तीच जमीन थोडी अधिक खोल पुन्हा उलटायची, तेव्हा कुठे पुढच्या वसंतात गहू पेरण्यासारखी माती हाताला येई.

या कामाचा वेग दिवसाला एक ते दोन एकर. मधला आकडा दीड धरला तर फ्रीमनांचे ३५ एकर पहिल्यांदा मोडायला साधारण २४ दिवस लागतात. पाच वर्षांतले २४ दिवस. पुढची उलटणी, पेरणी, कोळपणी, कापणी, मका सोलणं आणि कुंपणाचे खांब फोडणं हे सगळं वेगळं, आणि ते कोणी नाकारत नाही. पण पंचाला बांधावरून दिसतं ते हेच, आणि चित्रात, पुतळ्यात येतो तोही नांगर.

आता दुसरीकडचा हिशेब. एक दुभती गाय वर्षातले दोन महिने आटते असं धरलं, तर उरलेले ३०५ दिवस, दिवसाला दोन धारा, पाच वर्षं: ३,०५० धारा. ही झाली एका गाईची नुसती धार, जी बहुतेक अमेरिकन घरांत बाईकडे असे. खरं काम धारेनंतर सुरू होई.

आपण दूध विरजून दही घुसळतो. तिथे दूध उथळ पसरट भांड्यांत दिवस-दीड दिवस ठेवत, साय वर आली की चपट्या पळीने काढत, दोन-तीन दिवसांची साठवून थोडी आंबू देत आणि मग उभ्या पिंपात दांड्याने घुसळत. साधारण १० लिटर दुधामागे एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम लोणी. साय १६-१७ अंश सेल्सिअसवर असली तर अर्ध्या-पाऊण तासात लोणी दाणेदार येतं. जुलैच्या उन्हाळ्यात, एका खोलीच्या घरात चूल पेटलेली असताना ते तापमान आणायचं कसं? पहाटे घुसळायचं, किंवा भांडं दोराने विहिरीत सोडून ठेवायचं. साय गरम राहिली तर लोणी लवकर येतं पण मऊ आणि पांढरट, पोटात ताक धरून. फार गार असली तर दोन तास घुसळूनही फेसच. लोणी आल्यावर पाणी नितळ निघेपर्यंत दोन-तीनदा धुवायचं, कारण आत राहिलेलं ताक चार दिवसांत खवट वास देतं. मग पौंडामागे तोळा-दोन तोळे मीठ मळायचं, पण लाकडी पळीने. हाताने मळलं तर हाताच्या उबेने ते चिकट होतं. वसंतात गाईने रानकांदा खाल्ला असेल तर एवढं सगळं करूनही लोण्याला कांद्याचा वास येतो आणि दुकानदार भाव पाडतो.

या लोण्यावर आणि अंड्यांवर घरातली साखर, कॉफी, मीठ, सुई-दोरा, कापड आणि औषध चालत असे. दुकानदार रोख क्वचितच देई, वहीत जमा लिही. गहू वर्षातून एकदा विकला जाई आणि त्याचा पैसा नांगराच्या, बियाण्याच्या आणि वाहतुकीच्या देण्यात जिरे. रोजचं पोट बाईच्या या खात्यावर. पाच वर्षं टिकून राहणं ही कायद्याची अट होती, आणि पाच वर्षं टिकवत होतं ते दुकानातल्या वहीचं पान. जमीन कचेरीत मात्र त्या वहीची साक्ष कधी झाली नाही.

पंचांनी कणगी मोजली, लोण्याचं पिंप मोजलं नाही. पीचची ४०० झाडं लिहिली, पण ती फळं धरू लागल्यावर काय होतं ते कोणी लिहिलं नाही. पीच तीन-चार वर्षांत फळतो आणि तोडा दोन आठवड्यांत आटोपतो. झाडामागे १५ किलो इतका माफक अंदाज धरला आणि सगळी झाडं जगली असं मानलं, तरी सहा टन फळ. ते दोन दिवसांत डागाळतं. चिरायचं, कोय काढायची, छपरावर वाळत घालायचं, माशा हाकायच्या, पावसाचा टिपूस आला की धावत जाऊन उचलायचं. सहा-सात किलोंचं एक किलो होतं. हे काम कोणाचं, ते सांगायला नको. (आणि कडाक्याच्या हिवाळ्यात उणे २३-२५ अंशांच्या खाली गेलं की फुलकळ्या मरतात, मग तो हंगाम कोराच. बागेचा आकडा कागदावर भक्कम दिसतो, जागेवर तसा नसतो.)

पण आमचा मुख्य मुद्दा कामाच्या ढिगाचा नाही. ढीग कोणाचा मोठा, हा वाद कधी संपत नाही. मुद्दा कायद्याच्या एका कलमाचा आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ जमीन सोडली तर ती सरकारजमा. पहिली दोन-तीन वर्षं पीक पोटापुरतंही येत नसे, म्हणून पुरुष मजुरीला जात: रेल्वेच्या भरावावर, पूर्वेकडच्या कापणीला, मालगाड्या हाकायला. मागे बायको-मुलं राहत, आणि ती राहत म्हणून रहिवास तुटत नसे. नवरा शंभर मैलांवर फावडं चालवत असताना १६० एकरांवरचा त्याचा हक्क जिवंत ठेवत होती ती त्याच्या घरात चूल पेटवणारी बाई. नवरा पाच वर्षांच्या आत मेला तर त्याच कायद्याने विधवेला उरलेली मुदत पुरी करून मालकीपत्र घेता येत होतं. तिच्या हातून अट पुरी होते हे कायदा दोनदा मानतो. नवरा जिवंत आणि हजर असतानाच तेवढा विसरतो.

१८७४ चा उन्हाळा याचा सर्वांत कठोर दाखला. रॉकी पर्वतातले टोळ नेब्रास्का, कॅन्ससवर उतरले. मक्याची पानं गेली, मग कणसं. जमिनीतले कांदे आतून कोरून गेले. बायकांनी भाजीच्या वाफ्यांवर गोधड्या टाकल्या तर टोळांनी गोधड्या खाल्ल्या. कोंबड्यांनी टोळ खाल्ले आणि अंड्यांना असा वास लागला की ती विकण्यालायक राहिली नाहीत. म्हणजे गव्हाबरोबर बाईचं खातंही त्याच आठवड्यात बुडालं. काँग्रेसने मदतीला १,५०,००० डॉलर मंजूर केले, सैन्याचे जुने कोट वाटले, आणि टोळधाडीत सापडलेल्यांना हक्क न गमावता जमीन सोडून जायची मुभा दिली. कोणाचं काही न घेता स्वबळावर उभा राहिलेला शेतकरी ही प्रतिमा ज्यांना प्रिय आहे, त्यांनी ही यादी वाचावी. जमीन सरकारची, रेल्वेला जमिनी सरकारच्या, दुष्काळी मदत सरकारची.

सरकारची तरी जमीन कुठून आली? फ्रीमनांचं शेत ज्यात येतं त्या गेज काउंटीच्या भागात ओटो-मिसूरिया हे मूळ रहिवासी लोक राहत. १८५४ च्या तहाने त्यांच्याकडून मोठा मुलूख काढून घेतला आणि बिग ब्लू नदीकाठी त्यांना एक पट्टा ठेवला. पुढे तोही तुकड्यांनी विकायला लावून १८८१ मध्ये त्यांना आजच्या ओक्लाहोमात पाठवलं. या लोकांत मका, घेवडा, भोपळा लावणारे हात बायकांचे होते. बी निवडणं, पेरणं, खणणं, कणसं वाळवून जमिनीतल्या पेवात साठवणं हे सगळं बायका करत आणि पीकही त्यांचंच मानलं जाई. सरकारी एजंटांच्या लेखी ही शेतीच नव्हती, कारण नांगरामागे पुरुष दिसत नव्हता. 'शेती शिकवायची' म्हणजे पुरुषाच्या हाती नांगर द्यायचा. अ‍ॅग्नेसला न पाहणाऱ्या डोळ्यांनी त्याच गावशिवारातल्या ओटो बाईलाही पाहिलं नव्हतं. एकीचं नाव लिहायचं राहिलं, दुसरीची जमीन गेली. दोन्ही नुकसानं सारखी नाहीत, आणि अ‍ॅग्नेसचं नाव कागदावर असतं तरी दुसरं नुकसान भरून आलं नसतं, हे स्पष्ट म्हणायला हवं. पण शेतकऱ्याची व्याख्या दोन्हीकडे एकच होती.

ती व्याख्या १८८७ च्या डॉज कायद्यात पुन्हा दिसते. मूळ रहिवाशांच्या राखीव मुलखांची वाटणी करताना कुटुंबप्रमुखाला १६० एकर, अठरा वर्षांवरच्या एकट्या माणसाला ८०, अनाथाला ८०. विवाहित बाईला शून्य. १८९१ मध्ये दुरुस्ती होऊन प्रत्येकाला ८० एकर झाले, बायकांनाही. होमस्टेडवरच्या बायकोच्या वाट्याला अशी दुरुस्ती आली नाही. १९७६ मध्ये अलास्का सोडून बाकी देशात होमस्टेडची पद्धत बंद झाली, तोवर सुमारे १६ लाख मालकीपत्रं निघून २७ कोटी एकर जमीन वाटली गेली होती.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की घर एक, चूल एक, मग नाव कोणाचंही असो. हे सगळं सुरळीत चालू असेपर्यंत खरं. होमस्टेडच्या कायद्यात एक चांगलं कलम होतं: मालकीपत्र मिळण्याआधीच्या कर्जासाठी जमिनीवर जप्ती येत नसे. याचाच अर्थ असा की मालकीपत्र हातात पडलं की गहाणाचं दार उघडलं. १८८० च्या दशकात पूर्वेकडच्या पैशाने प्रेअरीवर गहाणखतांचा पूर आला. ज्याचं नाव, त्याची सही. ज्याची सही, त्याच्या एका दुपारच्या निर्णयावर सगळ्यांची पाच वर्षं.

दुसरा आक्षेप नोंदीचा: बायका काम करत हे कोणी नाकारलंय, नोंद करून काय साधतं? १८७० च्या जनगणनेत गणकांना सूचना होती की स्वतःच्या कुटुंबाचं घर सांभाळणाऱ्या आणि दुसरा कमाईचा धंदा नसलेल्या बाईपुढे 'घर सांभाळते' असं लिहावं. लोणी विकून कुटुंब जगवणारी बाईही बहुधा त्याच खान्यात गेली. मग त्या आकड्यांवर धोरणं झाली, कृषी शिक्षण पुरुषांना आणि गृहशास्त्र बायकांना अशी वाटणी झाली. खान्यात जे नसतं त्यासाठी पुढे तरतूद होत नाही, हे कोणत्याही सरकारी कचेरीत बसलेल्या माणसाला ठाऊक असतं.

आपल्या देशात २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे सुमारे १४ टक्के वहितीखातीच स्त्रियांच्या नावावर होती. शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीच्या मोहिमेत बायकोच्या नावावर जमीन करायला शेतकऱ्यांना सांगितलं, शासनाने त्याच नावाची योजनाही आणली; तरी सातबाऱ्यावर नाव लावायचं म्हटलं की 'तिला कशाला त्रास' हे उत्तर अजून ऐकू येतं. नेब्रास्काचा कागद आणि हा कागद यांची गोष्ट एक नाही. पण जमीन वाटताना, कर्ज देताना, नुकसानभरपाई ठरवताना शेतकरी म्हणजे खातेदार हे समीकरण तेच आहे.

आमची मागणी अशी: जिथे दोघं कसतात तिथे दोघांची नावं, आणि दोघांच्या संमतीशिवाय गहाण नाही. ओरेगॉनने पहिली गोष्ट केली आणि दुसऱ्या गोष्टीकडे पाहिलं नाही. कॅन्ससने दुसरी केली. १८५९ च्या त्या राज्यघटनेत राहत्या शेतजमिनीसाठी कलम होतं: शेतीत १६० एकरांपर्यंतची घराची जमीन नवरा आणि बायको या दोघांच्या संमतीशिवाय हस्तांतरित करता येणार नाही. मालकीपत्रावर तिथेही एकट्या नवऱ्याचंच नाव असे. पण गहाणखताचा कागद घेऊन आलेल्या एजंटाला अंगणात नवऱ्याची सही घेऊन परत फिरता येत नसे. त्याला दार ठोठावावं लागे, आणि घुसळण थांबवून, हात पुसून ती बाहेर येईपर्यंत थांबावं लागे.